पाचवं फडकं

गादीखाली चारच फडकी होती. बुनीनं पुन्हा हात घातला, कोपऱ्यापर्यंत नेला, बोटं भिंतीला लागली. जमीन ऊन होती. खोलीची जमीन तापवणाऱ्या बाहेरच्या चुलीत पहाटे सारलेली लाकडं जमिनीच्या पोटात अजून धुमसत असावीत. एक, दोन, तीन, चार. काल दुपारी दार लावून घेऊन तिनं स्वतः पितळेच्या तस्तात पाच फडकी खळबळली होती, पिळली होती, एकेक पसरून वर गादी ओढली होती. सुकल्यावर रक्ताचा डाग जवळजवळ दिसेनासा होई. डाळिंबाच्या सालीचं पाणी सांडून वाळावं, तेवढा उरे. पण ज्याला माहीत आहे त्याला तेवढाही पुष्कळ. या खोलीत गादी घालायचं आणि उचलायचं काम एकाच बाईचं होतं, आणि ती बाई, माकगुम, या घटकेला अंगणात पेजेची भांडी विसळत नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती. बुनीला वाटलं, चोर कधी गुणगुणतो का? मग वाटलं, चोरानं गुणगुणू नये तर काय करावं?

राजवाड्यात मरायची मुभा फार थोड्यांना होती. महाराज, राणीसाहेब, युवराज आणि त्यांची पत्नी. बाकी कुणीही असो, भटारखान्यातली मोलकरीण असो नाहीतर महाराजांच्या मुलांची आई, दुखणं जडलं असं ठरलं की तिनं बाहेर जायचं. मरण भिंतीच्या आत घडू द्यायचं नाही, एवढाच नियम. बरं वाटलं की परत या, असं प्रत्येकीला सांगत, आणि परत आलेली एकही बाई बुनीनं सतरा वर्षांत पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी वरच्या चौकातल्या उपराणीला बंद पालखीतून नेलं. तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीच्या कागदी दारांना नवा कागद चिकटवला गेला. तिच्या मुलाला महिनाभर सांगत होते, त्या देवदर्शनाला गेल्यात. बुनी तर सुग्वोन, उपराण्यांच्या पायऱ्यांतली सगळ्यांत खालची. तिच्यासाठी कागद चिकटवायला तीन दिवससुद्धा कोणी थांबलं नसतं. आणि ओक्जी आता सात वर्षांची होती. अकराव्या-बाराव्या वर्षी राजकन्येचं लग्न होईल, ती हानयांग शहरात आपल्या घरी जाईल. मग बुनीनं मरावं, कुठेही मरावं. तोवर चार वर्षं हवी होती. चार वर्षं न खोकता.

ओक्जी रोज सकाळी येई. आजही आली होती, पेजेच्या आधी. दाईनं उंबऱ्याशी जोडे काढले, मुलीनं दोन्ही हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला. बुनीनं तिला दारापाशीच बसायला सांगितलं आणि स्वतः पार मागच्या भिंतीला टेकून बसली. वैद्य तोंडानं म्हणत नसले तरी बायकांना माहीत होतं, हा खोकला एका उशीवरून दुसऱ्या उशीवर जातो.

"रात्री झोप लागली ना राजकन्यांना?" बुनीनं विचारलं. स्वतःच्या पोटच्या पोरीला असंच विचारायचं असे. रिवाजानं पोर राणीसाहेबांची, त्यांनाच ती आईसाहेब म्हणे.

"आईसाहेबांनी मला काल चेस्टनट सोलून दिले," ओक्जी म्हणाली. मग खोलीची लांबी डोळ्यांनी मोजत म्हणाली, "तुम्ही रागावलात का माझ्यावर? पूर्वी जवळ बसवायच्यात."

"जमीन इकडे फार तापलीय. तुमचे पाय भाजतील."

मुलीनं तळहात जमिनीवर टेकवून पाहिला. सात वर्षांच्या मुलीनं असा पुरावा तपासून गप्प बसणं बुनीला आवडलं नाही. ही सवय तिला कुणी लावली? नंतर तिच्या लक्षात आलं, कुणी लावायला कशाला पाहिजे होतं. आपलंच रक्त.

माकगुम आणि ती एकाच वर्षी राजवाड्यात आल्या होत्या, एकाच बैलगाडीतून, दोघी आठ वर्षांच्या. दोघींना शिवणखान्यात टाकलं. सकाळी टाके, दुपारी बडवणं. खळ दिलेलं कापड घडी करून गुळगुळीत दगडावर ठेवायचं, दोघींनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकीच्या हातात दोन लाकडी दांडके. चार दांडक्यांचा ताल एकदा लागला की कापड रेशमासारखं चमकेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. बुनी डावखुरी. तिच्यासमोर बसायला कुणी तयार नसे, कारण पहिला ठोका उलट्या बाजूनं येई आणि समोरचीची बोटं चेचली जात. माकगुम बसली. एक अख्खा हिवाळा तिची नखं काळीनिळी होती. "तू देवाघरून उलटी शिवून आलीयस," ती म्हणायची, आणि फुंकर मारून पुन्हा दांडके उचलायची. शिवणखान्याची मुख्य, बेक सांगुंग, बुनीच्या डाव्या मनगटावर पट्टी मारून मारून थकली. शेवटी म्हणाली, राहू दे, टाका तर बारीक घालते. काठाची गाठ घडीत लपवायचा तो टाका बेक सांगुंगनंच शिकवलेला; बाकीच्या मुली तो उजवीकडून सुरू करत, बुनी डावीकडून.

मग सतराव्या वर्षी एका संध्याकाळी तिला बोलावणं आलं. महाराजांनी तिच्यात काय पाहिलं हे तिला तेव्हाही कळलं नाही, आणि चार वेळांनंतर बोलावणं थांबलं तेव्हा त्यांनी काय पाहायचं सोडलं हेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे ती घागरा उलटा नेसून बाहेर आली, आतली बाजू बाहेर. तेवढ्यानं सगळ्यांना कळे. कुणी विचारायचं नसे, कुणी सांगायचं नसे. शिवणखान्यात दगडाशी माकगुम बसली होती. तिनं वर पाहिलं. "काय गं, उशीर—" एवढं म्हणाली, तिची नजर घागऱ्याच्या शिवणीवर गेली, आणि हातातले दांडके खाली ठेवून ती उठून वाकली. "या बाईसाहेब," म्हणाली. दोन शब्दांमध्ये जेवढी जागा असते तेवढ्यात ते घडलं. त्या जागेत माकगुमच्या मनात काय आलं? मत्सर? कीव? पुढे ओक्जी झाली, स्वतंत्र चौक मिळाला, बुनीनं मागून माकगुमलाच कामाला घेतलं. सात वर्षं ती पहाटे पाणी तापवत होती, जेवणाचा पहिला घास स्वतः खाऊन पाहत होती, गादी घालत होती. आणि त्या सात वर्षांत तिनं मनातलं म्हणून एक अक्षर काढलं नव्हतं. बोलायची खूप. भाऊ, भावजय, गावचं घर, वळचणीला माळेनं टांगलेली पर्सिमनची वाळती फळं. "या दिवसांत आमच्याकडे अंगण नुसतं लाल दिसतं, बाईसाहेब. मेल्यावरच बघायला मिळणार." ते हसून म्हणायची. राजवाड्यातल्या बाईला बाहेर पडायला दोनच दारं, दुखण्याचं आणि मरणाचं, हे सगळ्यांना माहीत असल्यानं तो विनोद होता.

आता चार फडकी समोर ठेवून बुनी मागचे दिवस उलगडू लागली, आणि प्रत्येक दिवसाला आत एक डाग निघाला. ते नाशपतीचं घ्या. दहा दिवसांपूर्वी माकगुमनं झाकणाच्या वाडग्यातून मधात वाफवलेलं नाशपती आणून ठेवलं होतं. मधातलं नाशपती कशावर देतात हे दुधपित्या पोरालाही ठाऊक.

"हे कुणी मागितलं?" बुनीनं विचारलं होतं.

"कुणी नाही. भटारखान्यात जास्तीचं होतं."

"मला खोकला आहे असं कुणी सांगितलं तुला?"

"खोकला? छे." माकगुमनं डोळे मोठे केले होते. "माझाच घसा धरलाय, बाईसाहेब. माझ्यासाठी मागितलं. एकटीनं खाणं बरं दिसेना."

तेव्हा बुनीनं अर्धं खाल्लं होतं. छातीत गोड, गरम काहीतरी पसरलं आणि तिला रडू आलं होतं. आता वाटत होतं, तो गळ होता. बघायचं होतं, मासा तोंड लावतो का.

आणि ते बडवणं. गेला महिनाभर तिच्या छातीत खोकला वर चढू लागला की अंगणात दांडके सुरू होत. टक टक, टक टक. एकटीच बडवायची माकगुम, जुन्या चादरीसुद्धा, ज्यांना खळ नाही नि काही नाही. सुरुवातीला बुनीला हायसं वाटे, त्या आवाजाखाली ती तोंडाशी फडकं धरून मोकळी होई. पण दर वेळी? खोकला येण्याआधीच तिला कळतं कसं? म्हणजे ही बाई दिवसभर कागदी दाराला कान लावून बसलेली असते. आणि भिंतीपलीकडच्या चौकात ऐकणाऱ्याला तो आवाज म्हणजे खूण असेल तर? आता, ऐका, आता. परवाच पलीकडच्या चौकातली बाई भिंतीवरून डोकावून विचारत होती, "तुमच्याकडे कोण गं खोकतं सारखं?" माकगुमनं काहीतरी उत्तर दिलं, हळू, आणि दोघी हसल्या. बुनीनं बोट ओलं करून दाराच्या कागदाला भोक पाडेपर्यंत भिंतीवरचं डोकं गेलं होतं.

आणि आता पाचवं फडकं. ते कुणाकडे पोचलं असेल याचा विचार करायची गरज नव्हती. या भागातल्या बायकांची आजारपणं, भांडणं, कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं, सगळं बेक सांगुंगच्या खोलीत ठरे. फडकं तिथे पोचलं असेल तर संध्याकाळपर्यंत पालखी येईल. पोचलं नसेल तर आज पोचेल. बुनी उठली. उठताना तिच्या मनात एक वाक्य आपोआप तयार झालं, इतकं सरळ आणि नीट, जणू कुणीतरी आधीच शिवून ठेवलेलं. आमच्या चौकात खोकला आहे, तो माकगुमला आहे. जिनं सांगायचं तिच्यावरच सांगून टाकलं, तर तिचं सांगणं मग कोण ऐकणार? ते वाक्य वाईट आहे हे तिला कळत होतं. पण ओक्जीनं सकाळी जमिनीवर टेकवलेला तळहात तिला दिसत होता, आणि त्या तळहातापुढे वाक्याचा वाईटपणा लहान वाटत होता. अंगणातून जाताना माकगुम भांडी ठेवून उभी राहिली. "मी येऊ बरोबर?" "नको," बुनी म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"या, धाकट्या बाईसाहेब," बेक सांगुंग म्हणाली. तिच्या दारात जोड्यांची एकच जोडी होती, म्हणजे आत दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी सुईत दोरा ओवत होती, डोळ्यांपासून हातभर लांब धरून. "शिवणखान्याची वाट आठवली म्हणायची. मला वाटलं, वर चढलेली माणसं शिडी जाळून टाकतात."

"तुमची आठवण रोज येते."

"मनगट ठणकत असेल रोज." ती हसली. "बोला. उगाच कोणी एवढं लांब चालत येत नाही, या थंडीत."

बुनीनं ते वाक्य बोलून टाकलं. बोलताना शब्द गळ्यात एका जागी खरवडले आणि खोकला वर आला. तिनं तो गिळला, डोळ्यांत पाणी आलं. बेक सांगुंग पाहत होती. तिनं ते पाणी दुःखाचं समजावं अशी बुनीनं मनातल्या मनात प्रार्थना केली.

"लहानपणची मैत्रीण," म्हातारी म्हणाली. "जड जात असेल."

"नियम आहे."

"नियम तर आहेच." सुईत दोरा गेला. तिनं गाठ मारली. "काल संध्याकाळी ती स्वतःच येऊन सांगून गेली. मीच खोकते म्हणाली, महिना झाला, बाईसाहेबांपासून लपवून ठेवलं म्हणाली. मी म्हटलं, तुझं कशावरून? तर हे ठेवून गेली."

शिवणाच्या पेटीतून तिनं फडकं काढलं आणि मांडीवर पसरलं. डाग फिका होता, डाळिंबाच्या पाण्याचा. बुनीच्या कानांत काहीतरी बंद झालं. ती फक्त म्हातारीचा अंगठा पाहत होती. अंगठा डागावरून गेला नाही. तो काठावर गेला, काठावरून हळूहळू सरकत डाव्या कोपऱ्याशी आला, जिथे गाठ घडीत लपवली होती, आणि तिथे थांबला.

"टाका बारीक आहे," बेक सांगुंग म्हणाली.

खोलीत कोळशाच्या शेगडीत काहीतरी तडकलं. या घटकेला बुनी म्हणू शकली असती, ते माझं आहे. तीन शब्द. म्हातारीनं त्यासाठी जागा ठेवली होती, पुष्कळ जागा, सुई बाजूला ठेवून ती वाटच पाहत होती. बुनीला आपली जीभ तोंडात जाणवली, कोरडी, एखाद्या परक्या वस्तूसारखी. चार वर्षं. तिनं नजर शेगडीकडे वळवली.

"दोन तोंडं एकच सांगतात, म्हणजे खरंच असलं पाहिजे," बेक सांगुंग म्हणाली आणि फडक्याची घडी घालून ते पुन्हा पेटीत ठेवलं. बुनीकडे दिलं नाही. "दुपारी जाईल ती. उद्या दुसरी बाई पाठवते."

दुपारी माकगुम अंगणात उभी होती, गवताचे जोडे, डोक्यावर बोचकं. न्यायला आलेल्या दोन बायका तोंडाला बाही लावून चार हात लांब उभ्या होत्या. त्यांच्यासमोर काय बोलणार? बुनी ओसरीवर उभी राहिली. हिला कळलंय का, मीही सांगितलं ते? या दोघींनी आल्या आल्या सांगितलं असेल का?

"दगड उघड्यावर ठेवू नका बाईसाहेब, दहिवरानं चिरतो," माकगुम म्हणाली. "आणि नवी येईल तिची बोटं सांभाळा."

"गावी जाशील?"

"भाऊ ठेवून घेईल. पर्सिमनं सोलायला हात लागतातच त्याला." मग तिनं एक खोकला काढला. मोठा, कोरडा, घशातून ओढून काढलेला. अजिबात जमला नव्हता. न्यायला आलेल्या बायका आणखी मागे सरल्या. माकगुमचे डोळे क्षणभर बुनीच्या डोळ्यांना भिडले, आणि त्यांत हसू होतं, नक्की होतं. बैलगाडीतून येताना आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत होतं तसलं. पण ते कसलं हसू? बघ, तुझ्यासाठी काय केलं, असं? की बघ, सुटले, असं? तिनं वाकून नमस्कार केला आणि बोचकं सावरत दारातून गेली, आणि चालताना मागे वळून पाहिलं नाही. पाय हलके पडत होते. आजारी नसलेल्या बाईचे पाय.

पुढे सबंध दिवस बुनी ते पाय आठवत राहिली. लाल अंगण, भाऊ, भावजय. बाहेर पडायची दोन दारं, त्यांतलं एक तिनं माझ्या फडक्यानं उघडून घेतलं. तसंच असेल. माझ्याआधी एक दिवस ती तिथे जाऊन आली, म्हणजे तिनं आधीच ठरवलेलं होतं. हे असं मांडलं की श्वास जरा खाली उतरे. मग नाशपतीचा वाडगा आठवे. खळ नसलेल्या चादरी आठवत. भिंतीवरून कुणी विचारल्यावर तिनं हळू आवाजात काय उत्तर दिलं असेल ते आता स्पष्ट ऐकू येई: मी गं, दुसरं कोण? आणि त्यावर दोघी हसल्या. हे सगळं एका बाजूला ठेवलं की छातीवर तो दगडच येऊन बसे, आणि बुनी घाईघाईनं पुन्हा त्या हलक्या पायांकडे वळे. संशयाची तिला सतरा वर्षांची सवय होती. तो अंगावर बसलेल्या जुन्या कपड्यासारखा कुठे बोचत नव्हता. दुसरं जे काही होतं ते घालून वावरायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओक्जी येऊन गेली. "माकगुम कुठंय?" तिनं विचारलं. "देवदर्शनाला गेली," बुनीच्या तोंडून निघालं, आणि मुलीनं पुन्हा तसंच पाहिलं, तळहात टेकवून तपासल्यासारखं. ती गेल्यावर नवी बाई आली. दोक्रे नाव, चाळिशीची, रुंद मनगटांची, चेहऱ्यावर काही न लिहिलेली. तिनं जोडे नीट लावले, न सांगता चुलीत लाकडं सारली, गादी उचलली. गादीखाली काही नव्हतं. ती चार फडकी बुनीनं पहाटेच चुलीत घातली होती.

उन्हं अंगणाच्या मध्यावर आली तेव्हा खोकला आला. छातीच्या तळाशी आधी गुदगुली, मग जाळ. बुनीनं कान दिला. अंगण गप्प होतं. पलीकडच्या चौकात कुणीतरी बोलत होतं. आता जो खोकला ऐकू येईल त्याला मालक दुसरा कुणी उरला नव्हता. ती दार सरकवून बाहेर आली आणि एका उपराणीनं जे कधी करू नये ते केलं, सरळ दगडाशी जाऊन बसली, हाताला लागली ती चादर घडी करून टाकली, दांडके उचलले. आठ वर्षांत विसरली नव्हती. टक टक. एकटीचा ताल विरळ पडतो. दोन ठोक्यांमध्ये एवढी फट राहते की तिच्यातून खोकला सहज ऐकू जाईल.

"मी बसते समोर, बाईसाहेब," दोक्रे म्हणाली. घागरा खोचून ती बसली. चादरीची घडी तिनं दोन बोटं बुनीच्या डावीकडे सरकवली, आपले दांडके उलटे धरले, आणि पहिला ठोका बरोबर उलट्या बाजूनं घेतला. बोट चेचलं नाही. दुसरा, तिसरा, दहावा. माकगुमला जे जमायला अख्खा हिवाळा लागला होता ते ही बाई आईच्या पोटातून शिकून आल्यासारखी करत होती. बुनी डावखुरी आहे हे तिला सांगून धाडणारं माणूस राजवाड्यात एकच होतं. त्या माणसाच्या पेटीत एक फडकं होतं. म्हणजे हिला झाकायला पाठवलंय, की मोजायला?

खोकला आला. बुनी दगडावर वाकली. त्याच क्षणी समोरचे दांडके जोरात, भराभर पडू लागले, इतके की दगड थरथरला आणि तिच्या स्वतःच्या कानांनाही तिचा खोकला ऐकू आला नाही. तोंडात लोखंडाची चव आली. तिनं ती गिळली. आणि खोकला थांबायच्या अर्धा ठोका आधी समोरचे दांडके हळू झाले. दोक्रेनं वर पाहिलं नाही. ती कापडाकडे पाहत होती, चांगल्या कामाच्या बाईनं पाहावं तशी.

भिंतीपलीकडून आवाज आला, "काय गं, एवढं काय बडवताय आज?"

दोक्रे थांबली. उत्तर कुणी द्यायचं, याची ती वाट पाहत होती.

"थांबू नकोस," बुनी हळूच म्हणाली, आणि दोक्रेच्या चेहऱ्यावरची नजर न काढता तिनं दांडक्याचा डावा हात उचलला.